घरस्वच्छतेचा मोबदला : दर आणि मोजमाप यांचा आढावा

शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दरमहाच्या जमाखर्चात किराणा, दूध, वीज आणि मुलांचे शिक्षण या रकमांच्या शेजारी जी एक रक्कम गेली पन्नासएक वर्षे अखंड मांडली जात आहे, आणि तरीही जिच्या वाजवीपणाविषयी किराण्याच्या भावाइतकीही चौकशी सहसा होत नाही, ती म्हणजे घर स्वच्छ करणाऱ्या स्त्रीचा पगार होय. शेजारच्या घरी काय देतात, यावरून ही रक्कम ठरते. वर्षा-दोन वर्षांनी थोडी घासाघीस होऊन ती वाढते. आणि ती कमी आहे की जास्त, याचा निर्णय देऊ शकेल असे कोणतेही प्रमाण देणाऱ्याजवळ नसते, तसे ते घेणारीजवळही नसते. या प्रश्नावर महाराष्ट्रात संघटना झाल्या, संप झाले, एक स्वतंत्र कायदा झाला, आणि अगदी अलीकडे भांडवली कंपन्याही या व्यवसायात उतरल्या. अशा वेळी हा वाद कोठवर आला आहे, कोणाचे म्हणणे काय आहे आणि कोणत्या गोष्टींचा निकाल अद्याप लागलेला नाही, याचा पुणे, मुंबई आणि नागपूर या शहरांना मुख्यत्वे दृष्टीसमोर ठेवून आढावा घेण्याचा येथे प्रयत्न आहे. आरंभीच एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. कोणत्या कामाला किती पैसे, हा प्रश्न चर्चेत नेहमी पुढे असतो. परंतु ते काम कशावर मोजायचे, माणसांवर, खोल्यांवर, नगावर की तासांवर, हा प्रश्न त्याहून मूलगामी आहे, असे या विषयाचा विचार करताना माझे मत झाले आहे आणि पुढील विवेचनाचा ओघही त्याच दिशेने जाईल.

पूर्वपीठिका

घराची स्वच्छता पैशात मोजण्याचा रिवाज आपल्याकडे फार जुना नाही. खेड्यातील घरात सडासंमार्जन, सारवण आणि केरवारा ही घरच्याच स्त्रियांची कर्तव्ये मानली जात. घराबाहेरची आणि विशेषतः मैल्याची सफाई ज्या जातींच्या माथी परंपरेने मारली गेली होती, त्यांना तिचा मोबदला धान्याच्या किंवा उरल्यासुरल्या अन्नाच्या रूपाने मिळे, म्हणजे तो मोबदला हक्काचा आहे की कृपेचा, हे कायम संदिग्ध राही. पेशवाईतील सरदारांच्या आणि सधन ब्राह्मणांच्या वाड्यांत हीच कामे कुणबिणी करीत. त्या विकत घेतलेल्या असल्यामुळे त्यांच्या श्रमाला दर असण्याचा प्रश्नच नव्हता. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपुष्टात आली. परंतु घरातील काम हे सेवेचे आहे, मजुरीचे नाही, ही भावना कायद्याबरोबर नाहीशी झाली नाही. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोकणातून आलेले घरगडी, ज्यांना सरसकट 'रामा' म्हणून हाक मारली जाई, घरातच राहून, घरातच जेवून दरमहा ठरावीक रक्कम घेत, आणि त्या रकमेत झाडण्यापासून पाहुण्यांच्या वळकट्या उचलण्यापर्यंत सर्व काही अंतर्भूत असे.

या सर्वांगीण चाकरीचे तुकडे होऊन प्रत्येक तुकड्याला वेगळा दर लागण्याची क्रिया स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. वाड्याची जागा सदनिकेने घेतली, त्या सदनिकेत नोकराला राहावयास जागा उरली नाही, आणि वस्तीतून येऊन तासाभरात काम उरकून पुढच्या घरी जाणारी स्त्री हीच नव्या व्यवस्थेची कर्ती झाली. १९७२ च्या भीषण दुष्काळाने गाव सोडून पुण्याच्या झोपडपट्ट्यांत आलेल्या अनेक कुटुंबांतील स्त्रियांनी प्रथम हातात घेतले ते हेच काम. आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या लालबाग-परळातही अनेक घरांत नवऱ्याचा पगार थांबल्यावर बायकोने धुणीभांडी धरली. घराच्या रचनेतील एका बदलाकडेही या संदर्भात पुरेसे लक्ष गेलेले नाही. शेणाची जमीन आठवड्यातून एक-दोनदा सारवली की भागे. शहाबादी फरशी आली तेव्हा ती रोज पुसण्याची पद्धत पडली. आणि आजची चकचकीत टाइल्सची जमीन तर पाण्याचा एक ओघळही लपवीत नसल्यामुळे ती दोनदा पुसावी लागते. घरे नवी झाली, दिसावयास स्वच्छ झाली, आणि त्यांच्या स्वच्छतेचे श्रम मात्र वाढले.

या कामाच्या अटी कायद्याने बांधाव्यात हा विचार महाराष्ट्राला नवा नाही, किंबहुना त्याचा एक आद्य प्रवर्तक महाराष्ट्रीयच होता. दलित चळवळीतील पुण्याचे नेते पां. ना. राजभोज यांनी १९५९ साली राज्यसभेत घरकामगारांच्या सेवाशर्तींविषयी एक खाजगी विधेयक मांडले. किमान वेतन, कामाच्या तासांची कमाल मर्यादा, साप्ताहिक सुट्टी आणि वार्षिक रजा अशा तरतुदी त्यात कल्पिलेल्या होत्या. ते संमत झाले नाही. त्यानंतर वेळोवेळी आलेल्या तशाच विधेयकांचेही तेच झाले. कायद्याने जे दिले नाही ते संघटनेने मिळविण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८० साली पुण्यात झाला. त्या वर्षी कामकरी स्त्रियांनी उत्स्फूर्तपणे काम बंद ठेवले आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. लीलाताई भोसले आणि भालचंद्र केरकर यांची नावे तिच्याशी निगडित आहेत. नागपुरात संस्कृतच्या प्राध्यापिका डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांनी विदर्भ मोलकरीण संघटनेच्या द्वारे हेच कार्य दीर्घकाळ केले, आणि मुंबईत सिस्टर जाँ देव्होस यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय घरकामगार चळवळीने त्याला अखिल भारतीय रूप दिले. पगारी रजा, दिवाळीला एका पगाराचा बोनस आणि ठरावीक मुदतीने दरवाढ या मागण्या आज पुण्यातील अनेक घरांत शिरस्त्यासारख्या पाळल्या जातात, याचे श्रेय या चळवळींना आहे. त्यांनी पुढे आणलेल्या दरपत्रकाचे महत्त्व तर याहूनही अधिक आहे, कारण त्यामुळे प्रत्येक कामाला त्याचे स्वतंत्र मोल आहे, ही गोष्ट प्रथमच कागदावर उतरली.

कामाचे प्रकार आणि चालू दर

आज घरस्वच्छता या एका नावाखाली परस्परांहून पुष्कळ भिन्न अशी कामे येतात. त्यांतील सर्वांत सामान्य म्हणजे रोजची केर-फरशी, जिला मुंबईत झाडू-लादी म्हणतात. पुण्यातील दोन शयनगृहांच्या सदनिकेत या एका कामाला सध्या दरमहा साधारणतः ८०० ते १,५०० रुपये पडतात. पवई किंवा वांद्रे यांसारख्या भागांत हाच आकडा २,००० च्या वर जातो आणि तालुक्याच्या गावी तो पुण्याच्या निम्म्याहूनही खाली असतो. एकाच शहरात इतकी तफावत का असावी, याचे उत्तर कामाच्या कठीणपणात नाही. वस्तीपासून सोसायटी किती दूर आहे, तेथे काम मागणाऱ्या स्त्रिया किती आहेत, आणि त्या एकमेकींना आपले दर सांगतात की नाही, यांत ते आहे. भांडी आणि धुणे ही स्वच्छतेचीच भावंडे, परंतु त्यांचा हिशेब वेगळा. आणि धुणे तर यंत्र आल्यापासून पुष्कळ घरांतून वजाच झाले आहे.

शौचालय आणि स्नानगृह यांची सफाई ही या सर्व पटातील सर्वांत बोलकी बाब आहे. केर-फरशीच्या दरात ती सहसा धरलेली नसते. अनेक स्त्रिया ती करण्याचे स्पष्टपणे नाकारतात, आणि ज्या करतात त्यांना आठवड्यातून एकदा करण्याबद्दल दरमहा दोन-तीनशे रुपयांची भर मिळते. याउलट मोबाइलवरून कंपनीचा माणूस बोलावला, तर एका स्नानगृहाच्या एकाच वेळच्या सफाईला चार-पाचशे रुपये द्यावे लागतात. काम तेच, ॲसिड तेच, घासणीही बहुधा तीच. तरी दोहोंच्या दरांत इतके अंतर पडते. कंपनीच्या दरात कंपनीचा हिस्सा, कर, प्रवास आणि साहित्य यांचा समावेश असतो हे मान्य केले, तरी उरलेल्या अंतराची मुळे जातीच्या इतिहासात आहेत, असे म्हटल्यावाचून गत्यंतर नाही. जे काम एका जातीवर जन्माने लादले होते ते करताना दुसरी कोणी संकोचते. आणि जी करते तिची गरज तिच्या नकाराहून मोठी असल्यामुळे दर वर चढत नाही. हातमोजे कोणी पुरवायचे, आणि ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो ही सूचना तिला कोणी द्यायची, या गोष्टी तर कोणत्याही दरपत्रकात नाहीत.

जळमटे काढणे, पंखे व खिडक्यांच्या जाळ्या पुसणे, माळा आवरणे ही कामे महिन्याने, तीन महिन्यांनी किंवा सणाच्या आधी निघतात. यांतील लहान कामे रोजच्या पगारात 'जाता जाता' करून घेण्याची सवय पुष्कळ घरांना आहे. मोठ्या कामांसाठी, विशेषतः दिवाळीच्या साफसफाईसाठी, दिवसाची वेगळी मजुरी ठरते आणि ती बहुधा जुन्या, विश्वासाच्या बाईलाच दिली जाते. मात्र गेल्या दहा वर्षांत या क्षेत्रात मोठे स्थित्यंतर झाले आहे. 'डीप क्लीनिंग' या नावाने यंत्रे, रसायने आणि गणवेश घेऊन येणारे गट सबंध घराची एकवार सफाई करतात. दोन शयनगृहांच्या घराला त्यांचा दर चार-पाच हजारांच्या आसपास असतो, घर रिकामे असल्यास कमी, सामानासह असल्यास जास्त, आणि रंगकाम किंवा दुरुस्ती नुकतीच झालेली असल्यास डाग काढण्याचे श्रम धरून त्याहूनही जास्त. या गटांत बहुतेक पुरुष असतात, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हातात यंत्र आले, काम 'तांत्रिक' ठरले, दर चढला, आणि त्याच वेळी ते काम स्त्रियांच्या हातून निसटून पुरुषांकडे गेले. रोजचे, वाकून करावयाचे आणि स्वस्त काम मात्र स्त्रियांकडेच राहिले.

मोजमाप कशाने करायचे

पुण्याच्या जुन्या पद्धतीत भांडी आणि धुणे यांचा दर माणशी ठरे. घरात पाच माणसे असली तर पाच माणसांचा दर. लेक बाळंतपणाला आली तर सहावे माणूस धरायचे की नाही, यावर प्रत्येक घरी निराळा न्याय. केर-फरशीला ही मोजणी लागू पडत नसल्याने तेथे खोल्यांची संख्या आली, आणि सदनिकांच्या युगात ती एक, दोन किंवा तीन बीएचके अशा ठोकळ मापावर येऊन स्थिरावली. या मापाचा गुण म्हणजे ते दोघांनाही डोळ्यांनी दिसते. दोष असा की साडेसहाशे चौरस फुटांचे दोन बीएचके आणि अकराशे चौरस फुटांचे दोन बीएचके त्याच्या दृष्टीने एकच असतात, आणि घरात लहान मूल, कुत्रा किंवा रस्त्याकडची धूळभरली गॅलरी असली तरी दर बदलत नाही. डीप क्लीनिंगवाले पुष्कळदा चौरस फुटावर भाव सांगतात. मोजणी त्यामुळे काटेकोर होते, परंतु घर किती मळलेले आहे हे चौरस फूट सांगू शकत नाही.

तासाचे माप या सर्वांत सरळ वाटते. रोजच्या केर-फरशीला चाळीस मिनिटे लागतात आणि महिन्यात दोन सुट्ट्या वजा जाता २८ दिवस काम होते असे धरले, तर महिन्याचे श्रम सुमारे १८ तास ४० मिनिटे होतात; त्याला १,००० रुपये मिळत असतील तर ताशी दर सुमारे साडेत्रेपन्न रुपये पडतो. हा हिशेब पुष्कळांना आश्वासक वाटेल. पण एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ, दार उघडेपर्यंत जिन्यात थांबणे, आणि घरचे लोक उठलेले नसल्यामुळे मधेच रिकामी जाणारी अर्धी घटिका हा काळ कोणाच्याच हिशेबात नसतो. तो मिळवला की हाच तासदर बराच खाली येतो. तरीही अनेक कामकरी स्त्रिया तासाच्या मापाला अनुकूल नाहीत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की वर्षानुवर्षांच्या सरावाने आपला हात चालतो, काम ठरलेले असले की ते लवकर उरकून पुढचे घर गाठता येते, आणि तास ठरला की मालकीण घड्याळ पुरे होईपर्यंत नवनवी कामे पुढे करते. कुशल हाताला वेगाचे बक्षीस देणारे कामाचे माप की थकल्या हाताला संरक्षण देणारे तासाचे माप, हा तिढा गिरण्यांतल्या कापसाइतकाच या कामालाही लागू आहे, आणि तो सहज सुटणारा नाही.

कोणत्याही मापाची खरी परीक्षा नेहमीच्या दिवशी होत नाही, ती अपवादाच्या दिवशी होते. पाहुणे आले, ती आजारी पडली, कुटुंब महिनाभर गावी गेले, नळाला पाणी आले नाही, तर त्या दिवसाचे नुकसान कोणाच्या माथी, हे माप निवडतानाच नकळत ठरलेले असते. मासिक पगारात खाडा कापला जातो, पण पाहुण्यांच्या ताटांची भर सहसा पडत नाही. उन्हाळ्यात घर बंद असले तर पगार द्यायचा की नाही, हा दरवर्षी एप्रिलमध्ये उद्भवणारा वाद याच प्रकारचा आहे. म्हणून दरांच्या चर्चेत केवळ आकडे तोलून भागत नाही. त्या आकड्याच्या पोटात कोणत्या अटी आहेत, हेही पाहावे लागते.

कायद्याने चोखाळलेल्या वाटा

किमान वेतनाचा कायदा १९४८ चा. परंतु तो ज्या धंद्यांची नावे राज्य सरकार परिशिष्टात घालील त्यांनाच लागू होता. घरकाम या परिशिष्टात घालून दर ठरविण्यात कर्नाटक अग्रेसर ठरले. तेथील संघटनांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २००४ साली जी अधिसूचना निघाली तिने रोज पाऊण तासाच्या एका कामाला दरमहा १८० रुपये आणि आठ तासांच्या सर्व कामांना दरमहा १,६०० रुपये असा दर बांधला, आणि कुटुंब चारांहून मोठे असल्यास दहा टक्के अधिक देण्यास सांगितले. संख्या आज क्षुल्लक वाटतील, परंतु त्यांतील तत्त्व अभ्यासण्याजोगे आहे. पाऊण तास रोज म्हणजे महिन्याला साडेबावीस तास, म्हणजे ताशी आठ रुपये. पण पूर्ण दिवस राबणारीचा तासदर याहून कमी. जास्त काम करणारीला कमी भाव, असा हा परिणाम होता. घरकामगारांच्या किमान वेतनाचा सखोल अभ्यास करणाऱ्या नीता एन. यांनी अशा अधिसूचनांबद्दल २०१३ साली असा आक्षेप घेतला, की त्या घरकामाचे समाजात असलेले अवमूल्यन दूर करीत नाहीत, त्यालाच शासकीय शिक्का देतात. हे काम अकुशल आहे, हे गृहीतक त्या तपासूनच पाहत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरातील विनामोबदला कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात असे आढळले. जे काम घरची स्त्री फुकट करते त्याला बाहेरच्या स्त्रीकडून करून घेताना किती दाम द्यावा, हे ठरविताना फुकटाचीच सावली दरावर पडते, हा या विचारसरणीचा मुख्य मुद्दा आहे आणि मला तो पटतो.

महाराष्ट्राने निराळा मार्ग घेतला. २००८ च्या महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळ अधिनियमाने अठरा ते साठ वर्षे वयाच्या कामगारांची नोंदणी, प्रसूतीसाठी आणि अंत्यविधीसाठी साहाय्य, वयस्क कामगारांना सन्मानधन अशा कल्याणकारी योजनांची तरतूद केली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, नोंदणीकृत घरकामगारांना १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर झाले, तेव्हा नोंदणीचे महत्त्व प्रथमच अनेकींच्या ध्यानात आले. परंतु हे मंडळ दर ठरवीत नाही, पगार वसूल करून देत नाही, आणि मालकाकडून वर्गणीही घेत नाही. संघटनांची तक्रार नेमकी येथे आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी त्रिपक्षीय मंडळे निर्माण केली, ज्यांत मालक, कामगार आणि शासन एकत्र बसून दर ठरवितात आणि मजुरी मंडळामार्फत दिली जाते. १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठीही मंडळ स्थापणारा कायदा झाला. सोसायटीच्या फाटकावरील रक्षकाला ज्या प्रकारचा कायदा लाभू शकतो त्या प्रकारचा कायदा त्याच फाटकातून रोज आत जाणाऱ्या स्त्रीला का नसावा, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. त्यावर शासकीय पक्षाचे उत्तरही विचारात घेण्यासारखे आहे: रक्षकाला सोसायटी हा एकच मालक असतो, हमालाला बाजार, घरकामगार स्त्रीला मात्र पाच-सहा मालक असतात, प्रत्येकजण एकेक तासापुरता, आणि त्या प्रत्येकाच्या दारी निरीक्षक पाठवणे कोणत्याही दफ्तराच्या शक्तीबाहेरचे आहे.

आंतरराष्ट्रीय स्तरावर १६ जून २०११ रोजी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांच्या सन्मान्य कामाचा १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, परंतु त्याला मान्यता मात्र दिलेली नाही. वस्तुरूप मोबदला पगारात किती धरावा यावर तो करार मर्यादा घालतो, ही बाब आपल्याकडे विशेष प्रस्तुत आहे. कारण चहा, जुनी साडी किंवा सणाचा फराळ यांचा उल्लेख पगाराची बोलणी करताना पुष्कळदा होतो. देशांतर्गत पाहता, चार जुने वेतनविषयक कायदे एकत्र करणारी २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यातील आस्थापनेच्या व्याख्येत खाजगी घर बसते की नाही याबद्दल कायदेतज्ज्ञांत मतभेद आहेत. त्याआधी, जानेवारी २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याच्या आवश्यकतेचा विचार करण्याकरिता समिती नेमण्याचा निर्देश केंद्र सरकारला दिला.

परस्परविरोधी पक्ष

संघटनांची भूमिका वर आलीच आहे. मालक कुटुंबांची बाजूही एकसारखी नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या जोडप्याला स्वच्छतेवरचा खर्च त्यांच्या मिळकतीच्या मानाने अल्प असतो. पण पुण्याच्या पेठांत निवृत्तिवेतनावर किंवा ठेवींच्या व्याजावर राहणारी वृद्ध दांपत्ये पुष्कळ आहेत, आणि वाकता येत नसल्यामुळे बाईवाचून ज्यांचे चालत नाही त्यांना दरवाढ खरोखरच जड जाते. त्यांचे म्हणणे असे की कायद्याने दर वर नेला तर आम्ही रोजचे काम एक दिवसाआडावर आणू, आणि त्यात तिचेच नुकसान होईल. या भाकिताला आधार आहे, तसा प्रतिवादही आहे: शहरात जेथे दर वाढले तेथे घरे कमी झाली नाहीत, असे संघटनांतील कार्यकर्ते आपल्या अनुभवावरून सांगतात. काही सोसायट्यांत रहिवाशांनी आपसांत ठरवून एकच दर बांधण्याचा आणि फाटकावरच्या नोंदणीच्या ॲपमधून त्यावर नजर ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. कामगारांनी एकत्र येऊन दर ठरवला तर त्याला अडवणूक म्हणावयाचे आणि मालकांनी एकत्र येऊन ठरवला तर शिस्त, हे न्यायाला धरून नाही. तथापि लिखित, उघड आणि दोन्ही बाजूंनी मान्य केलेले सोसायटी-दरपत्रक ही कल्पना मुळातच टाकाऊ आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

तिसरा पक्ष कंपन्यांचा. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत अवघ्या काही मिनिटांत घरकामाची बाई पाठवण्याची सेवा ताशी ४९ रुपये या प्रास्ताविक दरात सुरू केली, तेव्हा तीव्र पडसाद उमटले. तिच्या नावात वापरलेल्या मोलकरीणवाचक शब्दावरही टीका झाली आणि पुढे ते नाव बदलण्यात आले. ग्राहकाकडून घेतलेला दर आणि कामगाराला दिलेला दर वेगवेगळे असून आपण कामगाराला तासाला १५० ते १८० रुपये, आरोग्यविमा आणि महिन्याला १३२ तास काम करणाऱ्यांना किमान २०,००० रुपयांची हमी देतो, असा खुलासा कंपनीने केला. हे आकडे वर मांडलेल्या साडेत्रेपन्न रुपयांशी ताडून पाहिले, तर पारंपरिक व्यवस्थेने अंतर्मुख व्हावे अशी स्थिती आहे. परंतु त्याच वेळी, भांडवलाच्या पाठबळावर दिलेला हा दर सवलती संपल्यावर टिकेल काय, ग्राहकाने दिलेल्या कमी गुणांमुळे काम बंद झाल्यास दाद कोठे मागायची, आणि पाच घरांशी जुळलेली वर्षांची ओळख, जिच्या जोरावर मुलाच्या फीसाठी किंवा दवाखान्यासाठी उचल मिळते, ती या व्यवस्थेत कोण देणार, या शंका रास्त आहेत. कामकरी स्त्रियांमध्येही यावर एकमत नाही. तरुण मुली कंपनीकडे वळताना दिसतात, वयस्क स्त्रियांना आपली घरे सोडवत नाहीत.

अद्याप न सुटलेले

या क्षेत्रात एकूण किती माणसे आहेत, येथूनच अनिश्चितता सुरू होते. २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून काढलेला देशाचा आकडा ४७.५ लाखांचा, तर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर घरकामाच्या वर्गात नोंदल्या गेलेल्यांची संख्या अडीच कोटींच्या पुढे. मोजणीच्या पद्धती भिन्न आहेत हे खरे, पण एवढ्या अंतराच्या पायावर कोणतेही धोरण उभे राहू शकत नाही. कोणत्या कामाला प्रत्यक्षात किती मिनिटे लागतात, याची शास्त्रशुद्ध मोजणी झाल्यावाचून दरांविषयीचा प्रत्येक दावा अंदाजावर उभा राहणार. चालण्याचा वेळ पगारात धरायचा की नाही, शौचालयाच्या सफाईला स्वतंत्र आणि चढा दर बांधल्याने जातीचा कलंक ओसरेल की उलट काम पुन्हा एका गटाकडेच ढकलले जाईल, आणि अनेक मालकांच्या कामगाराच्या भविष्यनिर्वाहाची वर्गणी कोणाकडून कोणत्या मार्गाने वसूल करायची, या तिन्ही प्रश्नांवर जाणकारांत आज एकवाक्यता नाही. जाणकार म्हणवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ज्यांचा हा प्रश्न आहे त्यांना विचारून पाहिले आहे, हे त्याचे एक कारण असावे.

कामावर दर सांगावा, पण त्यामागे तासाचा हिशेब असावा. सुट्टी, पाहुणे, गावी जाणे आणि वार्षिक वाढ यांचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा. आणि शौचालयाचे काम ऐच्छिक ठेवून त्याचा दर इतर कामांहून चढा असावा, अशा निष्कर्षाकडे उपलब्ध पुरावा मला नेतो. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर राज्याच्या घरकामगार कल्याण मंडळाने पुणे, मुंबई आणि नागपूर येथे काम, वेळ आणि दर यांची एक पद्धतशीर पाहणी संघटनांना बरोबर घेऊन करावी आणि तिचे निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत, अशी मागणी करणे आपल्या हाती आहे. आणि ज्या वाचकांच्या घरी उद्या सकाळी केर-फरशीसाठी कोणी येणार आहे, त्यांनी ठरलेल्या अटी तिच्यासमक्ष एका कागदावर लिहून त्याची एक प्रत तिला द्यावी, अशी माझी विनंती आहे.